कललेल्या घरात ४५ दिवस

४ जानेवारी २०२५ रोजी न्यूझीलंडच्या लिटलटन बंदरातून ‘तारिणी’ निघाली, तेव्हा तिच्यावर दोनच माणसं होती. भारतीय नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. पुढचं बंदर फॉकलंड बेटांवरचं पोर्ट स्टॅन्ली. अंतर सुमारे ५,६०० सागरी मैल, म्हणजे १०,००० किलोमीटरच्याही वर. मध्ये पॅसिफिकचा दक्षिणेकडचा थंड, निर्मनुष्य पट्टा. होडी जेमतेम १७ मीटर लांब, गोव्यात दिवाडी बेटावरच्या कारखान्यात बांधलेली, आणि वाट कापायची ती फक्त शिडांवर. १८ फेब्रुवारीला त्या पोर्ट स्टॅन्लीला पोचल्या. ४५ दिवस.

अशा सफरीचा विषय निघाला की लोक आधी वादळाबद्दल विचारतात. मला मात्र वेगळ्याच प्रश्नांनी पछाडलं आहे. ही माणसं झोपतात कधी? चहा कसा करतात? गोडं पाणी कुठून येतं? ओला मोजा वाळतो का? उत्तरं शोधत गेलं की लक्षात येतं, वादळ चार दिवसांचं असतं. बाकी सगळे दिवस तिथे राहायचं असतं. आणि महासागरात नुसतं राहणं हीच थक्क करणारी गोष्ट आहे.

पहिली अडचण जमिनीची. शिडाची होडी सरळ उभी राहत नाही, ती कलते. वारा बाजूने आला की शिडाला ढकलतो आणि होडी दुसऱ्या अंगावर झुकते. ती पार उलटत नाही याचं कारण पाण्याखाली असतं. तळाशी कील नावाचा खोल उतरलेला पंखासारखा भाग असतो आणि त्यात मणामणाचं वजन भरलेलं असतं. होडी जितकी कलेल तितकं ते वजन तिला परत उभं करू पाहतं. कीलचं दुसरं काम त्याहून अजब आहे. वारा होडीला आडवं ढकलतो, पण कील पाण्यात आडवी सरकायला तयार नसते. मग होडीला एकच मोकळी दिशा उरते, पुढची. ओला चिंचोका दोन बोटांत दाबला की तो दाबाच्या दिशेला न जाता सुळकन पुढे निसटतो, तसंच. म्हणून चांगली होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नसली, तरी वाऱ्याशी तिरका कोन करून, नागमोडी वळणं घेत, वारा येतो त्याच दिशेला पुढे सरकू शकते.

तर घर २० अंशांत कललेलं, आणि ते तासाभरापुरतं नाही. वाऱ्याने दिशा बदलली नाही तर दिवसचे दिवस एकाच अंगाला. अशा घरात भिंतीवरही पाय टेकवून चालावं लागतं. बिछान्याच्या कडेला जाड कापड ताणून बांधतात, त्यामुळे झोपलेलं माणूस लोळत खाली येत नाही. एक कडा होडीची भिंत, दुसरी हे कापड, आणि मधल्या घळीत माणूस. स्वयंपाकाची शेगडी दोन खुंट्यांवर टांगलेली असते. होडी कितीही डोलली तरी शेगडी आडवीच राहते. बघणाऱ्याला वाटतं शेगडीच झुलते आहे, प्रत्यक्षात तिच्याभोवतीचं सगळं घर झुलत असतं. भांडं सरकू नये म्हणून शेगडीवर पकडी असतात. स्वयंपाक करणारं माणूस स्वतःलाही पट्ट्याने ओट्याशी बांधून घेतं आणि पुष्कळदा अंगावर रबरी पावसाळी कपडे चढवतं, कारण उकळतं पाणी मांडीवर सांडलं तर डॉक्टर हजारो किलोमीटरवर असतो. पेला अर्धाच भरायचा. ताट नाही, खोल वाडगं. आणि जगभरच्या दर्यावर्दी मंडळींचं लाडकं भांडं कोणतं, तर प्रेशर कुकर! झाकण घट्ट बसतं, कलंडला तरी आमटी आतच राहते, गॅस कमी लागतो. आपल्या ओट्यावरची ही रोजची वस्तू तिथे जिवाच्या सुरक्षेचं साधन होते.

आता झोप. दोघींपैकी एक कायम जागी, म्हणजे पहारा तीन-चार तासांचा. पहारा संपला की दुसरीला उठवायचं, ओले कपडे काढायचे आणि सुटलेल्या वेळात झोपायचं. सुकाणू चोवीस तास हातात धरून बसायची मात्र गरज नसते. ते काम यंत्र करतं. विजेवर चालणारं सुकाणूयंत्र असतं, किंवा मग वाऱ्यावर चालणारं. हे दुसरं मला फार आवडतं. होडीच्या मागच्या टोकाला एक पातळ पातं उभं असतं. होडीने वाऱ्याशी ठरवून दिलेला कोन सोडला की वारा त्या पात्याला आडवा पाडतो, पातं पाण्यातल्या फळीला वळवतं, पळत्या पाण्याचा जोर त्या फळीला लागतो आणि दोरीने सुकाणू ओढलं जातं. ना वीज, ना इंधन. वारा स्वतःच आपल्याशी कोन राखून होडी हाकतो.

एकट्याने निघालेल्याला पहारा वाटून घ्यायला कोणी नसतं. बसल्या जागेवरून, डोळे पाण्यापासून दोन मीटर उंचीवर असतील, तर क्षितिज फक्त पाच-सव्वापाच किलोमीटरवर असतं. मोठं जहाज उंच असल्यामुळे थोडं आधी दिसतं, पण दिसल्यापासून अंगावर यायला त्याला वीसेक मिनिटं पुरतात. म्हणून जहाजांच्या वाटेवर एकटे दर्यावर्दी वीस-वीस मिनिटांच्या डुलक्यांवर दिवस काढतात. आता रेडिओ लहरींवर जवळच्या जहाजांची नावं-ठिकाणं कळवणारी यंत्रणा असते, तिचा गजर उठवतो. पण ज्यांनी असे महिने काढले आहेत ते सांगतात की खरा गजर कानात असतो. उशी होडीच्या भिंतीला लागलेली. पलीकडे दोन बोटांवर समुद्र वाहतो आहे. पाण्याच्या त्या आवाजावरून वेग कळतो. आवाज चालू असेपर्यंत गाढ झोप लागते, आणि तो जरा बदलला की जाग येते.

रात्री एकटीने डेकवर जायचं तर अंगात पट्टा आणि पट्ट्याला दोर. डेकवर पुढून मागे ताणलेल्या पट्टीत त्या दोराचा आकडा अडकवायचा, मगच पाऊल बाहेर. यात हयगय नाही, कारण हिशेब क्रूर आहे. होडी आठ नॉटने चालली असेल तर माणूस पडल्यापासून एका मिनिटात ती जवळजवळ २५० मीटर पुढे गेलेली असते. पाच मीटरच्या लाटांमध्ये माणसाचं डोकं तेवढ्या अंतरावरून दिसत नाही.

पाण्याची गोष्ट तर विलक्षण. चहूकडे पाणी, आणि त्याच्या प्रत्येक लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम मीठ. आपलं मूत्रपिंड एवढं खारट मूत्र तयार करू शकत नाही. म्हणजे समुद्राचं पाणी प्यायलं तर त्यातलं मीठ बाहेर टाकण्यासाठी शरीराला स्वतःजवळचं पाणी खर्चावं लागतं, आणि माणूस पिऊन पिऊन आणखी कोरडा पडतो. आता होडीवर छोटं यंत्र बसवतात. ते समुद्राचं पाणी हवेच्या दाबाच्या पन्नास-साठ पट जोराने एका पडद्यातून ढकलतं. पाणी पार होतं, मीठ अडतं. त्याला लागणारी वीज सौर पट्ट्यांवर, छोट्या पवनचक्कीवर किंवा होडीमागे पाण्यात फिरणाऱ्या पंख्यावर तयार होते. तरीही गोडं पाणी मोजूनच. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची. बटाटे उकडताना थोडं समुद्राचं पाणी घातलं की वेगळं मीठ नको.

आणि तो ओला मोजा? नाही, वाळत नाही. खाऱ्या पाण्यात भिजलेल्या कापडात मिठाचे कण राहतात आणि मीठ हवेतली ओल ओढून घेतं. उन्हात कडक वाळलेला सदरा संध्याकाळी पुन्हा दमट होतो. दक्षिणेच्या थंडीत तर श्वासाची वाफ आतल्या भिंतींवर धरते आणि थेंबथेंब बिछान्यावर गळते. म्हणून पावसाची सर हा सण असतो. सफरीच्या सुरुवातीला, गोव्याहून ऑस्ट्रेलियाकडे जाताना, विषुववृत्तापाशी वारा पडतो. शिडं लोंबकळतात, होडी जागच्या जागी हिंदकळते, दोर आणि सांधे उगाच आपटत राहतात. वादळाइतकाच हा पट्टा दर्यावर्दी लोकांचा अंत पाहतो. पण तिथेच धो-धो सरी येतात, आणि शिडाच्या पोटात जमलेलं पाणी बादलीत धरून डोक्यावरून आंघोळ करता येते.

खाण्याचंही असंच. पहिल्या आठवड्यात पालेभाज्या संपतात. मग कोबी, कांदा, बटाटा, भोपळा. मग डबे आणि कोरडा शिधा. ताजं हिरवं हवं असेल तर होडीतच पिकवावं लागतं, आणि त्याला सर्वांत सोपं उत्तर म्हणजे मोड आलेले मूग. ओल्या फडक्यात मूठभर मूग, दोन दिवसांत ‘क’ जीवनसत्त्व तयार. या मुठीची किंमत कळायला वास्को द गामाची परतीची वाट आठवावी. १४९८ साली आफ्रिकेच्या मालिंदीहून तो पावसाळी वारे सुरू होण्याच्या तोंडावर निघाला आणि २३ दिवसांत त्याला केरळचा किनारा दिसला. परतताना मात्र त्याने ऑक्टोबरच्या सुरुवातीला अंजदीव सोडलं, म्हणजे आज गोव्याच्या काणकोण तालुक्यात मोडणारं बेट. वाऱ्याचं वेळापत्रक चुकलेलं, परतीचे ईशान्य वारे अजून सुरू व्हायचे होते. तोच समुद्र ओलांडायला जवळजवळ तीन महिने लागले. हिरड्या सुजून, अंगावर काळे डाग पडून माणसं पटापट मेली. जहाज हाकायला धड खलाशी उरले नाहीत. जहाजात धान्य होतं. नव्हतं ते ताज्या अन्नातलं एक जीवनसत्त्व.

लहान होडीतल्या जगण्याचा सर्वांत तपशीलवार नमुना मला ‘सुहेली’त सापडतो, आणि ती होडी मुंबईची. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा तरुण अधिकारी. त्याने मुंबईत सागवानी लाकडाची ३२ फुटी होडी बांधून घेतली. १९६४ च्या अखेरीस ती पाण्यात उतरली. इथल्या सुतारांनी ती वाकस आणि हातसामत्याने घडवली होती. १४ जून १९६८ रोजी इंग्लंडच्या फॅलमथमधून तो एकटा निघाला आणि २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, वाटेत कुठल्याही बंदराला न लागता तिथेच परतला. एकट्याने, न थांबता केलेली ती पहिली पृथ्वीप्रदक्षिणा. ही प्रदक्षिणा एका शर्यतीचा भाग होती आणि तीत नऊ जण उतरले होते. शेवटपर्यंत पोचला तो एकटा. सरासरी वेग चार नॉट.

निघून फार दिवस झाले नव्हते, तेव्हा होडीत पाणी येऊ लागलं. तळाच्या फळ्यांची सांध उघडत होती. अटलांटिकच्या मध्यावर, जमीन दिसत नसताना, तो पाण्यात उतरला. गोरी कातडी शार्कच्या नजरेत भरू नये म्हणून अंगात गडद कपडे. श्वास धरून बुडी मारायची, सांधीत कापूस ठोसायचा, वर यायचं, पुन्हा बुडी. कापूस टिकेना. मग त्याने तो कॅनव्हासच्या लांब पट्टीत शिवून घेतला, डांबर माखलं, पट्टीत तांब्याच्या चुका आधीच टोचून ठेवल्या आणि पाण्याखाली एकेक चूक ठोकत ती पट्टी सांधीवर बसवली. मध्येच एक शार्क घुटमळू लागला. तो वर आला, शार्कला गोळी घातली, आणखी शार्क येत नाहीत ना याची वाट पाहिली आणि परत खाली उतरला.

दुसरा प्रसंग याहून शांत, पण मला अधिक अचंब्याचा वाटतो. बॅटऱ्या भरणाऱ्या इंजिनाच्या मॅग्नेटोमध्ये ठिणगीची फट अचूक लावायची होती. ती फट इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात आणि त्यासाठी पातळ पत्र्यांची मापं मिळतात. ती मापं त्याच्याकडे नव्हती. त्याने आपली रोजनिशी घेतली आणि एक इंच जाडीत किती पानं बसतात ते मोजलं. दोनशे. म्हणजे एक पान इंचाचे पाच हजारांश. तीन पानं एकत्र धरली की पंधरा हजारांश! ती पानं फटीत सरकवून त्याने माप लावलं. दुकान नाही, कुरिअर नाही, विचारायला माणूस नाही, आणि हाताशी असलेल्या वहीतून सुतासारखं सूक्ष्म काम करणारं एक माप निघतं. त्याचा रेडिओ आधीच बंद पडला होता. न्यूझीलंड सोडल्यानंतर चार महिन्यांहून जास्त काळ तो जिवंत आहे की नाही हे जगाला ठाऊक नव्हतं.

आजच्या ‘तारिणी’वर उपग्रह फोन असतो, हवामानाचे नकाशे येतात. पण झीज तीच. होडी दर सहा सेकंदांनी एक हेलकावा घेते असं धरलं तर दिवसाला १४,४०० हेलकावे होतात, ४५ दिवसांत साडेसहा लाखांच्या आसपास. प्रत्येक हेलकाव्याला प्रत्येक दोर कुठल्या तरी कप्पीवर तेवढ्याच ठिकाणी घासतो. म्हणून रोज सगळ्या होडीवरून हात फिरवायचा, दोर चाचपायचा, आज तो वीतभर पुढे सरकवायचा, म्हणजे उद्या घासण्याची जागा नवी. महासागर ओलांडणाऱ्याचा दिवस या चाचपण्यात जातो. वादळात तगून जाणं हे बरंचसं आदल्या आठवड्यातल्या या कामावर ठरतं.

‘तारिणी’च्या वाटेवर, दक्षिणेच्या समुद्रात, लाटा एवढ्या का उठतात? पृथ्वीवर हा एकच पट्टा असा आहे जिथे पश्चिमेचा वारा पृथ्वीला पूर्ण वळसा घालू शकतो, वाटेत त्याला अडवणारी जमीनच नाही. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधली सुमारे ८०० किलोमीटरची खिंड हीच काय ती अडचण. आणि तिथे कोंडून लाटा आणखी खवळतात. ‘तारिणी’ने त्या खिंडीच्या कडेचं केप हॉर्न १५ फेब्रुवारीला ओलांडलं. या वाटेवर सोबतीला असतो तो अल्बाट्रॉस. त्याच्या मोठ्या जातीच्या पंखांचा पसारा साडेतीन मीटरपर्यंत भरतो, आणि तो तासन् तास पंख न हलवता होडीमागे येतो. लाटेलगत वारा मंद, वर जोरात. त्या दोन वेगांमधल्या फरकातूनच तो आपली शक्ती मिळवतो. वर चढायचं, वळायचं, घसरायचं, पुन्हा चढायचं. इंधन न जाळता महासागर ओलांडणारे दोघे, पक्षी आणि होडी, एकाच वाऱ्यावर पोट भरतात.

३० जानेवारीला ‘तारिणी’ पॉइंट निमोपाशी होती. महासागरातली ही जागा जमिनीपासून सर्वांत दूर; कुठल्याही दिशेने निघा, सर्वांत जवळचा खडक २,६८८ किलोमीटरवर. अंतराळ स्थानक डोक्यावरून जातं तेव्हा ते सुमारे ४०० किलोमीटरवर असतं, म्हणजे त्या वेळी दोघींच्या सर्वांत जवळची माणसं आकाशात असतात. निकामी झालेली अवकाशयानं मुद्दाम याच भागात पाडतात, कारण खाली कोणी नसतं. त्या दिवशी मात्र होतं. त्यांनी तिथल्या पाण्याचे नमुने घेतले, गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत तपासणीसाठी.

आणि या सगळ्यात दिवस स्वतःच छोटा होत असतो! पूर्वेला जाणारी होडी सूर्याच्या सामोरी जाते. लिटलटन ते पोर्ट स्टॅन्ली हे जवळजवळ १३० रेखांशांचं अंतर ४५ दिवसांत कापलं, म्हणजे दिवसाला सुमारे तीन अंश. दर अंशाला चार मिनिटं, म्हणून या टप्प्यातला प्रत्येक दिवस साधारण १२ मिनिटांनी आखूड. घड्याळ मागे पडतं, जेवणाची वेळ सरकते, पहाऱ्याची वही जुळवत राहावी लागते. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते आणि एक तारीख दोनदा जगावी लागते. २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघालेली ‘तारिणी’ २९ मे २०२५ रोजी परतली तोवर या मिनिटामिनिटांची बेरीज पुरती २४ तास झाली होती. त्या आठ महिन्यांत गोव्यातल्या माणसांनी जितके सूर्योदय पाहिले असतील, त्यापेक्षा एक सूर्योदय या दोघींच्या वाट्याला जास्त आला.

बंदराला लागल्यावर पहिल्यांदा गडबडते ती जमीन. ४५ दिवस मेंदू प्रत्येक हेलकाव्याचा आधीच अंदाज घेऊन स्नायूंना सूचना देत असतो. पायाखालचा धक्का स्थिर झाला तरी तो अंदाज चालूच राहतो, म्हणून न्हाणीघरात डोळे मिटले की भिंती डोलतात आणि माणूस नकळत आधार धरतं. बहुतेकांचं हे एक-दोन दिवसांत ओसरतं. सलग आठ तास झोपायची सवय परत यायला मात्र त्याहून जास्त दिवस लागतात; रात्री दर तीन-चार तासांनी जाग येते, पहारा बदलायच्या वेळेला.